वृत्तात न बसलेलं नाव

माले, ता. मुळशी
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मृण्मयीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग.

तुझं पत्र पाडव्याला मिळालं. पोस्टमन म्हणाला, "गुरुजी, हातानं लिवलेलं पत्र आता फकस्त तुमालाच येतंय, बाकीच्यांना बँकेची येत्यात." त्यामुळे गावात माझा भाव थोडा वधारला आहे. तो तू असाच टिकवून ठेव. फोनवर बोलू या असं तू लिहितेस, पण फोनवर मला तिसऱ्या वाक्याला राग येतो आणि पाचव्याला मी शिकवायला लागतो. कागदावर खोडता तरी येतं.

इकडे सगळं ठीक आहे. इंद्रायणी कापून झाली, आंबेमोहोर अजून उभा आहे. रानडुकरांनी खालच्या खाचराची नासधूस केली. तुझ्या मामीचा गुडघा पाऊस असेपर्यंत दुखत होता, आता नुसताच कुरकुरतो. शेजारच्या बंगल्यातले पुणेकर शनिवार-रविवारी येतात आणि आमच्या कोंबड्याने पहाटे आरवू नये अशी विनंती करून जातात. मी ती कोंबड्याला कळवली आहे.

गेल्या महिन्यात पौडच्या कॉलेजात माझं व्याख्यान झालं. विषय होता 'कवितेतला गर्व आणि अलंकार'. अडीचशे मुलं, माईक, हार, सगळं यथासांग. गर्व दाखवायला कवी उंच गोष्टीच का धरतात, ताड, डोंगरकडा, मोराचा पिसारा, आणि नम्रपणा म्हटला की भरलेल्या भाताची लोंबी का येते, हे मी उपमा, रूपक, अतिशयोक्ती असं एकेक उलगडून सांगितलं. मुलं वहीत उतरवून घेत होती. शेवटी ताम्हिणीकडच्या एका वाडीवरची सोनल नावाची मुलगी उठली. म्हणाली, "सर, तुमच्या समद्या उदाहरनांत गर्व दुसऱ्याचाच हाय. सोताच्या गर्वावर कुनी लिवलंच न्हाई का?" सगळे हसले. मी म्हणालो, वेळ संपली. चहा चांगला होता.

तुझ्या पत्रातल्या खऱ्या विषयाला मी वळसा घालतो आहे, हे तुला कळलं असेलच. तर येतो त्यावर.

तुझा बंधुराज ऋषिकेश दसऱ्यानंतर येऊन गेला. बाहेर गाडी चालूच ठेवली होती. म्हणाला, "मामा, पप्पांनी माझ्या लग्नाला पुण्याचा ग्रुप बुक केलाय, कीबोर्ड वगैरे. पण मंगलाष्टकं मला तुमचीच पाहिजेत. पप्पांना आत्ता सांगू नका, प्लीज." आता तूही लिहितेस की मी लिहावीत, आणि या वेळी त्यांत पप्पांचं नाव यावं. आणि विचारतेस की तुझ्या लग्नात ते का नव्हतं. तू म्हणतेस, माझ्या लग्नापायी घर फुटलं असं वाटून घेऊन मी साडेसहा वर्षं बेंगळुरूत बसले आहे. असं काही मनात आणू नकोस. तुझा यात काडीचा संबंध नाही.

नाव नव्हतं म्हणून दाजी माझ्याशी बोलत नाहीत, आणि दाजी बोलत नाहीत म्हणून तुझी आई माहेरी येत नाही. जांबे ते माले असा कितीसा रस्ता? परवाची सातवी भाऊबीज शुभांगीवाचून गेली. तिचं लग्नाआधीचं ताट तुझ्या मामीने घासून ठेवलं होतं, ते संध्याकाळी परत फळीवर गेलं. ती दिसली तर मला बाकी काही नको, असं मी मामीला म्हणालो. ती म्हणाली, "मग जावा की जांब्याला." हे सगळं तिला सोपं वाटतं.

आता कारण. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात लिहितात. एका ओळीत एकोणीस अक्षरं, आणि त्यातलं कोणतं लघू, कोणतं गुरू, हे ठरलेलं. दाजींच्या 'अण्णासाहेब' या नावात चार गुरू ओळीने येतात. शार्दूलविक्रीडितात तीन येतात, चार कुठेच नाहीत. तू इंजिनिअर आहेस, तपासून बघ. काही लोक ओढूनताणून बसवतात आणि गाणारा ते गिळून टाकतो. माझ्याच्याने ते होत नाही. चाळीस वर्षं पोरांकडून लघु-गुरू घोकून घेतले आणि भाचीच्याच लग्नात वृत्त मोडू? ज्यांनी हे वृत्त बांधलं, त्यांना जांब्यात पुढे एक अण्णासाहेब होणार आहेत हे ठाऊक नव्हतं. त्यात माझा काय दोष?

तेव्हा ऋषीच्या वेळीही अडचण तीच आहे. काय करावं, कळव.

तुझा मामा,
वाल्मीक


माले
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

चि. मृण्मयी,

आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. जेमतेम दहा ओळी. मी ते पाच वेळा वाचलं, आणि मग चष्मा पुसून सहाव्यांदा.

तू लग्नाचा व्हिडिओ लावून माझी आठही कडवी उतरवून काढलीस म्हणतेस. "मामा, नऊ नावं आहेत. नवरदेवाच्या चुलत्यांचं आहे, करवलीचं आहे, शेवटच्या कडव्यात तुमचं स्वतःचं आहे. अण्णासाहेब बसत नाही हे मी तपासलं, बरोबर आहे. पण पप्पांचं खरं नाव कुशाबा. लघु, गुरू, गुरू. ते बसतं. मोजायला तुम्हीच शिकवलंत." आणि खाली फक्त तुझी सही.

माझी एवढी हुशार विद्यार्थिनी दुसरी नाही, याचा आनंद मला पहिली पाच मिनिटं झाला. मग बाकीचं झालं.

होय, बसतं. आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.

सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा वळसा घालीन, म्हणून एका दमात लिहितो.

तुझ्या हळदीच्या दिवशी सकाळी मी तुमच्या इमारतीमागे चुन्याची डबी शोधत गेलो होतो. तिथे पाण्याच्या टाकीआड दाजी एकटेच होते. तुझी शाळेतली सायकल त्यांनी कुठूनशी बाहेर काढली होती आणि ओल्या फडक्याने ती पुसत होते. चेन, घंटी, मागचं कॅरिअर. पुसता पुसता थांबले, हँडलवर डोकं टेकवलं आणि रडले. आवाज नाही, नुसते खांदे. मग तोंड धुतलं, मिशीवरून हात फिरवला आणि मांडवात जाऊन केटरिंगवाल्याच्या अंगावर असे ओरडले की तो बिचारा ताटंच विसरला. मला त्यांनी पाहिलं नाही.

तो माणूस तुला ठाऊकच आहे. आयटी पार्कच्या फेजकडची जमीन गेली, चार मजली इमारत उभी राहिली आणि जांब्याचा कुशाबा अण्णासाहेब झाला. अण्णासाहेब चारचौघांत रडत नाहीत. मी दुपारी वही घेऊन बसलो आणि एक ओळ आली. मी ती लिहिली म्हणवत नाही, आलीच.

डोळ्यांचे भरले तळे न दिसु दे, दारी कुशाबा उभा

मोजून बघ, एकोणीस आहेत. डोळ्यांना तळं म्हणणं काही नवं रूपक नाही, शंभर जणांनी म्हटलं असेल. पण लपवून ठेवलेलं तळं आणि दारात ताठ उभा असलेला तो माणूस, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अख्ख्या हयातीत मी जे लिहिलं त्यात ही एक ओळ बरी आहे. गर्वावर मी तासभर भाषण करतो, पण त्याच्याबद्दल माया वाटून मी लिहिलेली ओळ एवढी एकच.

संध्याकाळी हळद लागली. तुझे सासरे, दोन-तीन बिल्डर, कुणी नगरसेवक, असे सगळे खुर्च्या टाकून बसले होते. मी मुद्दाम दाजींच्या जवळ गेलो. वाटलं, ही ओळ आधी त्यांच्या कानात सांगावी. तर दाजींनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं आणि म्हणाले, "ह्ये आमचं मेव्हणं. मास्तर हायेत. शब्दाला शब्द लई झ्याक जुळवत्यात. वाढदिसाचं फ्लेक्स बी लिवून देत्यात, कुनाला पायजे आसंल तर सांगा." सगळे हसले. एकाने खरोखरच माझा नंबर घेतला.

दाजी खुशीत होते, मृण्मयी. त्यांना मला हिणवायचं नव्हतं. मला वाटतं, ते माझी बढाईच मारत होते, त्यांना येते त्या भाषेत. हे आज कळतं. त्या संध्याकाळी मात्र माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. माझे तीन संग्रह, तालुक्याचा पुरस्कार, शार्दूलविक्रीडित, आणि हा मला फ्लेक्सवाला म्हणतो!

लग्नाच्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी वही उघडली आणि ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं, 'वर्षावे सुख वैभवासह घरी, कुर्यात् सदा मंगलम्.' कुणाच्याही लग्नात चालेल अशी. बाकी सगळ्यांची नावं राहू दिली. शेवटी 'वाल्मीक मामा म्हणे' असं स्वतःचंही घातलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण सत्यनारायणाच्या दिवशी मी पाहुण्यांसमोर दाजींना लग्नपत्रिकेच्या मागे लघु-गुरूच्या खुणा करून दाखवल्या. तुमचं नाव कवितेत बसतच नाही, हे सिद्ध करून दिलं. त्यांनी पत्रिका माझ्या हातातून घेतली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "बरं." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

सोनलला मी वेळ संपली म्हणून सांगितलं ते याच्यामुळे.

हे मी आजवर तुझ्या मामीलाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ती वाल सोलत होती. म्हणाली, "मला वाटलंच व्हतं," आणि पुढचा वाल उचलला. म्हणजे साडेसहा वर्षं मी एवढं जपून ठेवलेलं गुपित आमच्या स्वयंपाकघरात कधीच उघडं पडलेलं होतं.

उद्या रविवारी मी जांब्याला जातो आहे. वही घेऊन. दाजींनी जिन्यावरूनच परत पाठवलं तर परत येईन, पण खरं काय ते बोलून येईन. ते ऐकतील का ठाऊक नाही. तुझी आई मला घरात घेईल का, याची जास्त धास्ती वाटते आहे.

तुझा,
वाल्मीकमामा


माले
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

माझी मृण्मयी,

खूप खूप आशीर्वाद. घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. वाईट काही नाही. उलट किती तरी दिवसांनी मला इतकं मोकळं वाटतं आहे की काल दोनदा जेवलो.

नऊ तारखेच्या रविवारी गेलो. तुझी आई देवळात गेली होती, दाजी गच्चीवर होते. वर चढलो तर ते टाकीत दंडापर्यंत हात घालून बसलेले. मला पाहिलं आणि म्हणाले, "या मास्तर. तेवढा पाना द्या हिकडं."

साडेसहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. मी पाना दिला. घरून निघताना मी बोलायचं सगळं पाठ करून गेलो होतो. त्यातला एक शब्द आठवेना.

म्हणालो, "दाजी, तुमचं नाव बसत होतं. मी घातलं नाही."

"कोनतं नाव?"

"कुशाबा."

त्यांचा हात थांबला. तेवढ्यात खालून कुणी भाडेकरू ओरडला, "अंकल, पानी कब आएगा?" दाजी म्हणाले, "दस मिनिट." आणि मग माझ्याकडे वळून, "बोला."

मी सगळं सांगितलं. सायकल, वही, हळद, फ्लेक्स. मग वही उघडून ओळ वाचली. ते म्हणाले, "पुन्यांदा म्हना." पुन्हा वाचली. त्यांनी पाना माझ्याकडे दिला, हात शर्टाला पुसले, वही घेतली आणि लांब धरून स्वतः वाचायचा प्रयत्न केला. चष्मा खाली राहिला होता.

"मी रडत व्हतो ह्ये कुनाकुनाला सांगितलं?"

"कुणालाच नाही."

"शुभांगीला?"

"तिलाही नाही."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. मग म्हणाले, "मास्तर, लग्नात माजं नाव आलं न्हाई ह्ये मला ठावंच नव्हतं. मी गेटवर आमदाराची वाट बघत हुबा व्हतो. मंगलाष्टका आयकल्याच न्हाईत मी. तुमीच तिसऱ्या दिशी आलात आन् पावन्यांम्होरं कागदावर रेघा मारून सांगितलंत, की माजं नाव कवितेत बसायच्या लायकीचं न्हाई. त्ये लागलं. आन् त्या फ्लेक्सचं म्हनताय त्ये मला आठवत बी न्हाई. बोल्लो आसंन. आमी कशाचं बी कवतिक तसंच करतो."

म्हणजे बघ. त्यांना माहीतच नव्हतं. मी गुन्हा केला, आणि कुणी विचारायच्या आत स्वतः जाऊन त्याचा खोटा पुरावा देऊन आलो.

मी म्हणालो, "दाजी, चुकलो." हे दोन शब्द उच्चारायला मला एवढी वर्षं लागली आणि उच्चारले तेव्हा दोन सेकंद लागले.

दाजी म्हणाले, "मांडवात ही वळ म्हनला न्हाईत ते बरंच झालं. पावन्यांम्होरं हुंदका फुटला असता माजा. पन दुसऱ्या दिशी आनून द्यायची व्हती. पोरगी गेली आन् घर खायला उठलं व्हतं. म्या काय केलं असंल त्या दिसांत, तुमाला काय ठाव?" आणि ते पुन्हा टाकीत वाकले. पाना मात्र हातात नव्हता, तो माझ्याजवळ होता.

मग आम्ही दोघांनी मिळून ती टाकी दुरुस्त केली. म्हणजे त्यांनी केली, मी पाना दिला. मधूनच ते म्हणाले, "माजी आय मला कुशाबाच म्हनायची. आता म्हननारं कुनी ऱ्हायलं न्हाई." मी म्हणालो, मी म्हणेन. ते म्हणाले, "तुमी दाजीच म्हना. मान ऱ्हातो."

खाली आलो तोवर तुझी आई परतली होती. आम्हा दोघांना एकत्र जिना उतरताना बघून ती दारातच उभी राहिली. दाजी म्हणाले, "च्या टाक. मास्तर आल्यात." तिने चहा टाकला. मी खुशीत होतो, दाजीही खुशीत होते. आमचं हसणं, एकमेकांना टाळी देणं चाललं होतं. ऋषीची मंगलाष्टकं मीच लिहायची, त्या पुण्याच्या ग्रुपने नुसती वाजवायची, हेही ठरून गेलं. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "शुभे, मिटलं बघ सगळं. आता चल माहेरी."

ती कपबशी ठेवता ठेवता म्हणाली, "काय मिटलं?"

"आमचं."

"तुमचं मिटलं. बरं झालं." आणि ती आत गेली.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात मला एक अक्षर बदलता येणार नाही.

"दादा, मी सात दिवाळ्या आले न्हाई, ती ह्यांच्यासाटी व्हय? तुमी दोगांनी तसंच धरून ठिवलं. ह्ये मला कवा बी नगं म्हनलं न्हाईत. मी माज्यासाटी आले न्हाई. आट कडव्यांत माजं नाव कुटं व्हतं रं?"

ओटा पुसत ती पुढे बोलत राहिली.

"पोरीच्या आयनं अक्षता बघायच्या नसत्यात. मागल्या अंगाला तुळशीला पानी घालत बसायचं. मला काय बघायचं नव्हतंच, मला नुस्तं आयकाय मिळनार व्हतं. भोंग्याकडं कान लावून बसले व्हते. म्हनलं, माजा भाऊ म्हनतोय, आता येईल माजं नाव. नवरदेवाचा चुलता आला. करवली आली. शेवटाला तू सोता आलास. मी तांब्या तसाच धरून बसले. पानी सरलं व्हतं, तरी बी धरून बसले."

मी म्हणालो, "शुभे, माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"त्येच तर. ह्यांचं नाव तू मुद्दाम काडलंस. म्हंजी काडन्यापुरतं तरी त्ये तुज्या ध्यानात व्हतं."

मृण्मयी, तू व्हिडिओ लावून नऊ नावं मोजलीस. मी लिहिलेली, म्हणून मीही शंभरदा मोजली असतील. दाजींनी सत्यनारायणाच्या दिवशी माझ्या खुणा पाहिल्या. तुझी आई त्यात नाही, हे आपल्या तिघांपैकी कुणालाच दिसलं नाही. जिच्या लेकीचं लग्न, जी माझी पाठची बहीण, जिला मी खांद्यावर बसवून शाळेत नेलं! दाजींचं नाव मी रागाने वगळलं, पण निदान त्यांच्यावर राग तरी होता. तिचं नाव वगळायलासुद्धा मला काही करावं लागलं नाही.

मग मी जे केलं ते ऐकून तू हसशील. माझी जित्याची खोड. मी तिथेच बोटांवर मोजायला लागलो. शुभांगी: लघु, गुरू, गुरू. कुशाबाइतकंच. एक अक्षरही हलवावं लागलं नसतं. आणि डोळे पुसत मी तिला म्हणालो, "शुभे, तुझं नाव अगदी नीट बसतं गं."

तिने पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, "बसंल न्हाई तर काय! बाबांनी ठिवलंय," आणि एकदम हसायला लागली. रडतही होती, पण हसणं जास्त होतं. बाहेरून दाजी विचारत होते, काय झालं, काय झालं. "काय न्हाई," ती म्हणाली, "दादाला गनित आलं."

त्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली नाही. म्हणाली, बोलावलं आणि लगेच उठून आले, असं होणार नाही. बरोबरच होतं. मी परत आलो आणि रोज सकाळी दाराकडे बघत बसलो. शनिवारी दुपारी दाजींची गाडी आली. पुढून दाजी उतरले, मागून तुझी आई. हातात एक पिशवी, तिच्यात चार दिवसांचे कपडे. तुझ्या मामीने पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि नेहमीसारखं म्हणाली, "उशीर केला." दाजी चहा घेऊन परत गेले. तुझी आई राहिली.

आत्ता मी पडवीत बसून हे लिहितो आहे आणि त्या दोघी खळ्यावर भांडत आहेत. आंबेमोहोर अजून एक ऊन मागतो की नाही, यावर. आवाज रस्त्यापर्यंत जातो आहे. बंगल्यातले पुणेकर आज नाहीत हे त्यांचं नशीब. मला मध्ये पडायची इच्छा नाही. असंच चालू दे.

ऋषीची मंगलाष्टकं लिहून झाली. पाच दिवस लागले. पहिलं कडवं तुझ्या आईचं आहे. दाजी कुशाबा म्हणून तिसऱ्यात येतात, तुझी ती सायकलही आणली आहे. व्याही-विहीण दोघांची नावं आहेत, दोघांची. माझं स्वतःचं घालावं की नाही, हे अजून ठरत नाही. मोह सुटलेला नाही, तुझ्यापासून काय लपवायचं.

काल संध्याकाळी मी तुझ्या आईला म्हणालो, "पहिलं कडवं ऐकतेस का?" तिने कानावर हात ठेवले. "आत्ता नगं. मांडवात आयकीन. आन् ह्या बारीला मी मागं तुळशीपाशी बसायची न्हाई, सांगून ठिवते. रीत असू द्या न्हाईतर नसू द्या. म्होरं येऊन हुबी ऱ्हानार, अगदी तुज्या समोर. बघू तुला म्हनता येतं का."

चाळीस वर्षं मी माईकसमोर उभा राहिलो, पोरी, पण एवढा कधी घाबरलो नव्हतो. तू चार दिवस आधी ये आणि माझ्या शेजारी उभी राहा. माझा आवाज गेला तर पुढची ओळ तू म्हण. ती ओळ मात्र तुला या पत्रात कळवत नाही. तुझ्या आईच्या आधी ती आता कुणी ऐकायची नाही.

शुभांगीचा भाऊ,
वाल्मीक